मध्या, तुझा थर्माकोल सापडलाय

दांडिया बाजार, बडोदा
नोव्हेंबर, शनिवार रात्र

प्रिय मध्या,

गणपतीत तू फोन केलास, मी उचलला नाही आणि नंतर उलट केलाही नाही. शिव्या लिहून पाठव, एकरकमी घेतो. पण हे पत्र त्याची भरपाई नव्हे. असं एक प्रकरण झालंय की तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळणार नाही. तब्येत बरी, साखर होती तिथेच. सुमन मजेत.

वाडा अखेर बिल्डरकडे चाललाय. दादाने सही केली, मग मीही केली. महिनाअखेर खाली करायचा. माळा उपसताना घंगाळांच्या मागे आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं हाताला लागलं. जाड्याचा मुलगा म्हणाला, काका, ममी! सोडून बघतो तर तुझं धड. म्हणजे आपल्या मॉडेल ग्लायडरचं. चार फूट, अखंड. वरून पिवळं पडलंय, शेपटीकडे उंदरांनी चव घेऊन सोडून दिलंय (त्यांनाही तुझं काम पचलं नसावं). बाकी जसंच्या तसं. बॉलपेनने मारलेली मध्यरेषा, दर चार इंचांवर छेदांचे आकडे, आणि पंखाच्या बुडाशी तुझ्या त्या तलाठी अक्षरात 'येथे शऱ्याने हात लावू नये'. लावला. नाकावरचा अंगठ्याचा खळगाही शाबूत आहे. तू म्हणाला होतास तो मुद्दाम ठेवलाय, हवा वळायला. मी तेव्हाही मानलं नव्हतं, आजही मानत नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार होतो, पण मग तू एक अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

दसऱ्याला मी ग्लायडर खालून चालवायचा रेडिओ घेतलाय. ट्रान्समीटर, रिसीव्हर, दोन सर्व्हो (त्या चिमुकल्या मोटरी), सगळं. आपल्याला तेव्हा परवडत नव्हतं ते आता दवाखान्याच्या बिलापेक्षा स्वस्त पडतं. म्हणजे धड आहे, रेडिओ आहे, मीही रिकामा आहे. उरलं फायबर, म्हणजे काचेचं कापड आणि रेझिन. मकरपुऱ्याला जीआयडीसीत गेलो. दुकानदाराने वर-खाली बघून विचारलं, ‘साहेब, टांकी बनाववानी छे के होडी?’ ग्लायडर म्हटल्यावर त्याने मला खुर्ची दिली. आणि पुढ्यात ठेवलं पॉलिएस्टर रेझिन, ‘सस्तुं पडशे’ म्हणून.

तुला आठवलंच असेल. टाकीवाल्याकडचा तो डबा, तुझं पहिलं धड, कुमुदमावशीची गच्ची. ब्रश टेकवला आणि थर्माकोल आत आत बसत गेला, आणि तू ओरडत होतास की शऱ्याने भेसळीचं आणलं. भेसळ नव्हती रे. पॉलिएस्टरमध्ये स्टायरीन असतं, थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, एकाने दुसऱ्याला गिळलं. इपॉक्सी त्याला काही करत नाही. परवा फ्रिजच्या खोक्यातल्या तुकड्यावर दोन्हींचे थेंब टाकून बघितले. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला काचेसारखी टिकली. तेव्हा इतकी वर्षं माझ्या नावावर लावलेला तो आरोप मागे घे.

मग इपॉक्सी आणलं, एलवाय 556 आणि हार्डनर एचवाय 951. शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम, काट्यावर मोजून. हे अंदाजाने करायचं काम नव्हे. सुमनचा स्वयंपाकघरातला काटा पळवलाय. मॅट, म्हणजे सुट्या काचधाग्यांची चादर, नाही घेतली, विणलेलं कापड घेतलं. मॅटचे धागे ज्याने चिकटवलेले असतात ते स्टायरीनमध्येच नीट सुटतं, इपॉक्सीत ती कडकच राहते. कापड पंचेचाळीस अंशात तिरपं कापलं की नाकाच्या गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. पुठ्ठ्याच्या नळीवर सराव केला. कोरडं कापड पांढरंफेक असतं, रेझिन मुरलं की दिसेनासं होतं आणि खालचा पुठ्ठा दिसायला लागतो. मग जुन्या एटीएम कार्डाने जास्तीचं ओढून काढायचं आणि वरून टॉयलेट पेपर दाबायचा, तो उरलेलं शोषतो. सुमनने बाथरूममधून हाक मारून विचारलं की रोल कुठे गेला. यावर मी जे उत्तर दिलं ते लिहीत नाही. एकदा डब्यात जास्त कालवून ठेवलं तर ते तापून धुरायला लागलं, तेव्हापासून पसरट ताटलीत थोडं थोडं करतो.

आता मुद्दा. फायबर चढवायचं ते तुझ्या धडावर. पण चढवून झाल्यावर आतल्या थर्माकोलचं काय? पॉडमध्ये, म्हणजे धडाच्या पुढच्या जाड भागात, रिसीव्हर, बॅटरी, सर्व्हो जायचे, तिथे पोकळी लागणारच. सरळ रीत म्हणजे आधी थर्माकोलवर पॅकिंग टेप, वर फायबर, आठवडाभर पक्कं होऊ द्यायचं आणि मग नाकाकडून अ‍ॅसिटोन ओतायचं. आतलं सगळं विरघळून चिकट लगदा होतो, तो ओतून टाकायचा, टेप ओढून काढायची. हातात राहतं हलकं, बिनजोडाचं कवच. आणि तुझं धड गेलं. बॉलपेन, आकडे, माझ्यावरची ती बंदी, खळगा, सगळं गटारात. म्हणजे खळगा बाहेरून फायबरवर उमटेल, तेवढं दुर्दैव राहीलच.

दुसरी रीत, मेण लावून फायबर चढवायचं, दोन्ही अंगांनी ब्लेडने चिरायचं, दोन फाका सोडवायच्या आणि आतून पट्टी लावून पुन्हा जोडायच्या. मग तुझा ठोकळा वाचतो, कडेला ब्लेडचा ओरखडा आला तर आला. पण जोड! माझ्या बाल्साच्या, त्या हलक्या लाकडाच्या, पेटीतल्या जोडावरून ‘जोड म्हणजे आळस’ असं तूच म्हणालास आणि आपण एक अख्खी दिवाळी तोंडं फिरवून काढली. भय्याकाकांनी दोघांना एका ताटात फराळ दिला तरी बोललो नाही. आता तुझं काम वाचवायचं तर तुझाच सिद्धांत मोडायचा, आणि सिद्धांत पाळायचा तर तुझं काम अ‍ॅसिटोनमध्ये. मी कोपऱ्यात अडकलोय आणि तू तिकडे नाशकात द्राक्षं खातोयस.

तू लगेच त्या विमानं बनवणाऱ्या बर्ट रुटानचं नाव काढशील, म्हणून आधीच सांगतो. त्याच्या 1975 च्या व्हॅरीईझी विमानाच्या पंखांत फोम आतच राहतो, खरं आहे, पण तिथे तो काचेच्या दोन पापुद्र्यांना धरून ठेवायचं काम करतो, नुसता बसून राहत नाही. आपल्या पॉडमध्ये तो बसूनच राहणार. शेपटीच्या दांडीत मात्र त्याचा उपयोग आहे, पातळ नळी चेपत नाही. हिशेब केला, दांडीतला थर्माकोल फार तर 12 ग्रॅम. तुझा दंडक लावून तोल साधायला नाकात शिसं दुप्पट, म्हणजे 24. छत्तीस ग्रॅमने आपलं काही बुडत नाही. तेव्हा दांडीतला ठेवता येईल. पण तुझं अक्षर तर सगळं पॉडवर आहे ना! दांडीवर उंदीर.

पुतण्या म्हणतो काका, कार्बनची नळी घ्या, पॉड प्रिंट करून देतो, दोन दिवसांत उडेल. त्याला म्हटलं पॉड कार्बनचं चालणार नाही, रेडिओचं 2.4 गिगाहर्ट्झ आत शिरत नाही, फायबरमधून सरळ जातं. तो म्हणाला, प्लॅस्टिकमधूनही जातं. हल्लीची पोरं फार वाचतात. आणि हो, बाल्सावाद्यांची एक बाजू नोंदवून ठेव. स्टुटगार्टच्या पोरांनी 1957 मध्ये फायबरचं पहिलं ग्लायडर उडवलं, फिनिक्स. त्याच्या दोन काचपापुद्र्यांच्या मधे काय होतं? बाल्सा. मी काही बोलत नाही.

माझं मत विचारशील तर विरघळवावं. तू ते माळ्यासाठी कोरलं नव्हतंस. नव्या फ्लॅटमध्ये वासणा रोडला तिसऱ्या मजल्यावर चार फुटी थर्माकोल ठेवायला जागाही नाही, सुमनने तुळशीचीही मापं घेतलीयत. अ‍ॅसिटोनची बाटली आणून ठेवलीय. पण काम तुझं आहे, तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय फायबर चढवणार नाही. आणि ‘तुला काय वाटेल ते कर’ हे उत्तर चालणार नाही, ते तू 1986 पासून देतोयस.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन ठरलं का? धाकटीचं बंगळूरचं नक्की झालं म्हणे, जाड्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तिला आशीर्वाद. बागेला पावसाने नुकसान झालं का तेही कळव.

उडवायला सिंधरोटला जायचं, महीच्या काठाने. शहरात हरणीचा विमानतळ, आणि उत्तरायण जवळ आलं की वर चिमणीलाही वाट मिळत नाही, मांजात अडकून तुझं नाक छपराछपरांवरून फिरायचं. तेव्हा उत्तरायण उरकल्यावर ये. शेवऊसळ माझ्याकडून.

तीस तारखेच्या आत उत्तर हवं. पंखांबद्दल मात्र काही लिहू नकोस. ते बाल्साचेच होणार.

तुझा
शऱ्या