वीटभट्टीच्या जागेवरचे प्लॉट

महोदय,
कृष्णाकाठची माती विटांसाठी उपसायची, भट्टी हलली की राख-राडारोड्याने खड्डे बुजवायचे आणि प्लॉट पाडायचे. सांगली परिसरातल्या अशा वसाहतींचा पूर्वेतिहास माहितीपत्रकात नसतो. तो जुन्या फेरफारांत (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, गाव नमुना 6) आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडेच मिळतो.

भराव 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलरने दाबायचा असतो. इथे डंपर रिकामे होतात, एवढेच. मग तो भराव वर्षानुवर्षे खचतो, तोही कमी-जास्त. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, ड्रेनेजचा पाइप सांध्यात निखळतो आणि ते पाणी मुरून जमीन आणखी बसते. भेगेत सिमेंट भरणे म्हणजे रंगाऱ्याची सोय!

व्यवहाराआधी चारही कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घ्यावेत. विटांचे तुकडे, राख, प्लॅस्टिक निघते तोवर तो भरावच. पाया त्याखालच्या घट्ट थरावर हवा. खाली काळी माती लागली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते; तिथे पायाचा आराखडा माती परीक्षणानंतरच ठरवावा. 2005 आणि 2019 च्या पुराची पातळीही विचारावी.

प्लॉट पाडायला मंजुरी देतानाच भरावाचा तपासणी अहवाल सक्तीचा करावा.

– एक वाचक, सांगली