खुब्याचा सांधा तरुणपणी बदलताना

महोदय,

‘खुब्याचा नवा सांधा २५ वर्षे टिकतो’ हे आपल्या आरोग्य पुरवणीतील विधान तरुण रुग्णांची दिशाभूल करणारे आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१९ मध्ये दिलेला, २५ वर्षे टिकणाऱ्या सांध्यांचा ५८ टक्क्यांचा आकडा सर्व वयांचा मिळून आहे. त्याच नियतकालिकातील २०१७ च्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्यांना पुढे कधीतरी फेरशस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीत नुकतेच शिरलेल्या पुरुषांत ती सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आढळली होती.

तरीही ‘तरुण हाडात सांधा पक्का बसत नाही’ हा समज मला चुकीचा वाटतो. मांडीच्या हाडात सिमेंटविना बसवलेल्या दांड्याच्या खरबरीत पृष्ठभागात हाड वाढून शिरते आणि तरुणांत ही पकड बहुधा उत्तम राहते. दगा देते ते कृत्रिम गोळा ज्यात फिरतो त्या कपातले प्लास्टिकचे अस्तर. जास्त चालणाऱ्या, वजन उचलणाऱ्या माणसात ते लवकर झिजते, त्याच्या सूक्ष्म कणांवर शरीराच्या पेशी तुटून पडतात आणि त्या झटापटीत भोवतालचे हाड विरघळू लागते; मग पक्का बसलेला भागही सैल होऊ शकतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन या अधिक टिकाऊ प्लास्टिकमुळे ही झीज पुष्कळ कमी झाली आहे, पण त्याआधी बसवलेले सांधे घेऊन आजही अनेक जण वावरत आहेत.

त्यांपैकी मी एक. १९९६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याने माझा सांधा बदलला. शस्त्रक्रियेनंतर चौदाव्या वर्षी काढलेल्या एक्स-रेत गोळा कपाच्या मध्यावर नसून वरच्या कडेकडे सरकलेला दिसला, म्हणजे अस्तर झिजले होते, आणि कपामागे हाडात पोकळी झाली होती. दुखत मात्र काहीच नव्हते, आणि दुखत नाही म्हणून मी आधीची सहा वर्षे एक्स-रे काढलाच नव्हता.

कप आणि दांडा घट्ट असल्याने केवळ अस्तर व गोळा बदलून भागणार होते. त्यासाठी त्याच बनावटीचे, त्याच मापाचे अस्तर हवे होते. शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्याच्या खोक्यावरून काढलेली बनावटीची व मापाची चिकटपट्टी रुग्णालयाच्या फाइलमध्ये लावली होती, आणि ती फाइल रद्दीत गेली होती. शेवटी चांगला बसलेला कपही काढावा लागला, आणि त्याबरोबर थोडे निरोगी हाडही गेले.

त्या चिकटपट्टीची एक प्रत घरी जाताना रुग्णाच्या हाती देणे रुग्णालयांना अवघड नाही.

आपला,
एक वाचक