ताई, टर्मिन नसताना तुम्ही आमचा व्हिसा वाचवलात

प्रिय ताई,

नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय. जर्मनीत राहण्याचं परमिट संपत आलंय आणि टर्मिन, म्हणजे कार्यालयातली भेटीची वेळ, मिळत नाही, अशी माणसं माझ्या आसपास अजून बरीच आहेत. तुम्ही जिन्यात उभं राहून मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर जाऊ दे.

माझ्या परमिटच्या कार्डाची तारीख जवळ आली तेव्हा आमच्या शहरातल्या आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची परमिटं देणाऱ्या कार्यालयाच्या, कॅलेंडरवर रोज एकच ओळ दिसायची: सध्या वेळ उपलब्ध नाही. त्यात एचआरने कळवून टाकलं की कार्ड संपलं की दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचं नाही. त्यांचंही एका अर्थी बरोबरच. परदेशी कर्मचाऱ्याचं परमिट तपासून त्याची प्रत जपून ठेवणं तिथे मालकाला कायद्यानेच बंधनकारक आहे. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘टर्मिनचं सोड. अर्ज कुठाय?’

टर्मिनशिवाय अर्ज करता येतो, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. निवास कायद्याचं कलम 81, उपकलम 4 तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलंत. मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज केला, की कार्यालयाचा निर्णय होईपर्यंत जुनं परमिट चालूच आहे असं धरलं जातं, कामाच्या परवानगीसकट. टर्मिन नंतर कधीही मिळो. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला तर मात्र हे संरक्षण आपोआप मिळत नाही. मग कार्यालयाने अडचण समजून घेतली तरच. आणि थोड्या दिवसांच्या शेंगेन व्हिसावर आलेल्यांना हे उपकलम लागूच होत नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही मला वहीत लिहून घ्यायला लावलंत, कारण माझ्या सासूबाई तेव्हा त्याच व्हिसावर यायच्या होत्या.

त्या संध्याकाळचं पाकीट माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. ऑनलाइन अर्ज भरून त्याची पोच उतरवून घेतली होती, तरी तुम्हाला कागदावरही अर्ज हवा होता. पगाराच्या स्लिपा, मालकाचं पत्र, आरोग्य विम्याचा दाखला, घराचा करार, पत्त्याची नोंदणी: पाकीट बंद करण्याआधी एकेक पान तुम्ही स्वतः पाहिलंत. मग माझ्याबरोबर कार्यालयाच्या टपालपेटीपर्यंत आलात आणि पाकीट आत पडल्यावर माझ्याकडच्या प्रतीवर तारीख, वेळ घालून साक्षीदार म्हणून सही केलीत. ‘पाकीट टाकलं हे कुणीही सांगेल, आत काय होतं ते सांगणारं माणूस लागतं,’ हे तुमचं म्हणणं. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं. पुढे कार्यालयाने विम्याचा दाखला मिळाला नाही असं कळवलं, तेव्हा तीच प्रत पाठवली आणि विषय मिटला.

एचआरसाठीचं पत्र तुम्ही जर्मनमध्ये तोंडी सांगितलंत, टाइप मात्र मलाच करायला लावलंत. चार ओळींचं पत्र: कलमाचा आकडा, अर्जाची तारीख, सोबत पोच. नोकरीचा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

नंतर फिक्शन्सबेशायनिगुंग मिळालं, म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला. 13 युरो शुल्काचा हा कागद, पण त्यात वेगवेगळ्या उपकलमांच्या चौकटी असतात आणि खूण नेमकी कुठल्या चौकटीत आहे यावर सगळं अवलंबून, हे तुम्ही नसता तर मला कळलंही नसतं. उपकलम 4 पुढे खूण असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. उपकलम 3 पुढे असेल तर त्या कागदाच्या भरवशावर परत येता येत नाही. भावाचं लग्न ठरलं होतं आणि मी तिकीट काढायला निघाले होते. कागद हातात पडेपर्यंत तुम्ही मला काढू दिलं नाहीत. राग आला होता, ताई, खरंच. परतताना काउंटरवरच्या मुलीने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि साहेबांना बोलावलं. तुमच्या सांगण्यावरून संपलेलं कार्ड आणि पासपोर्ट त्यालाच लावून ठेवला होता, म्हणून निभावलं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. नवऱ्याने नोकरी बदलायचं काढलं तेव्हा तुम्ही सरळ सांगितलंत, ‘यातलं मला कळत नाही, वकिलाकडे जा.’ परदेशात सल्ला देणारे पैशाला पासरी मिळतात, पण ‘मला कळत नाही’ असं म्हणणारं मला तरी दुसरं कुणी भेटलं नाही. निर्णयाविना तीन महिने गेले तर सर्वसाधारणपणे प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते, हे त्या वकिलांकडूनच कळलं. आमच्यावर ती वेळ आली नाही. 93 युरो भरले आणि बर्लिनच्या बुंडेसड्रुकेराईत, म्हणजे सरकारी छापखान्यात, छापलेलं नवं कार्ड आलं. पासपोर्टच्या मुदतीपलीकडची तारीख कार्डावर मिळत नाही, म्हणून आधी पासपोर्ट नवा करून घे, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यामुळे कार्डही पूर्ण मुदतीचं मिळालं.

तुम्ही गाव बदललंत, पण तुमची कागदपत्रांची यादी आता माझ्याकडून पुढे जातेय. त्यात एक दुरुस्ती मी परस्पर केलीय. ‘दोन बायोमेट्रिक फोटो’ ही ओळ खोडली आहे. 1 मे 2025 पासून फोटो डिजिटलच लागतो, कागदी चालत नाही. तुमच्याकडच्या प्रतीतही तेवढं बदलून घ्या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची