नेमून दिलेला जोडीदार आणि दमयंतीची परीक्षा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलवर वाचल्या जाणाऱ्या प्रेमकथांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात माणसाचा लांडगा आणि लांडग्याचा माणूस होणाऱ्या नायकांच्या कादंबऱ्यांची 'परदेशी कचरा' अशा दोन शब्दांत संभावना केलेली आहे. दादरच्या एका ग्रंथालयाच्या देवघेव विभागात २८ वर्षे काढल्यामुळे वाचकाच्या हातातले पुस्तक पाहून नाक मुरडणे मला कधी परवडले नाही. तरीही या कादंबऱ्यांबाबत माझे मत त्या लेखकाच्या मतापेक्षा फारसे वेगळे नव्हते, हे कबूल करते. डोंबिवलीहून रोज अंधेरीला नोकरीसाठी जाणाऱ्या माझ्या भाचीने, "मावशी, आधी वाच, मग बोल," असे सुनावून तिच्याकडची एक इंग्रजी कादंबरी माझ्यापुढे ठेवली, म्हणून ती वाचली. माझे मत बदलले खरे, पण भाचीला हवे होते तसे बदलले नाही.

या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असतो. जंगलात लांडगा-माणसांचा एक कळप राहतो. त्याचा प्रमुख तो 'अल्फा', त्याची पत्नी 'लूना' आणि सर्वांत खालचा तो 'ओमेगा'. वयात आल्यावर प्रत्येकाला चंद्रदेवीने नेमून दिलेला जोडीदार वासावरून ओळखू येतो आणि मानेवर चावा घेतला की नात्यावर शिक्कामोर्तब होते. मी वाचलेल्या कादंबरीत, कळपाची उष्टीखरकटी काढणारी मुलगी हीच आपली नेमलेली जोडीदारीण आहे हे प्रमुखाच्या मुलाला कळते, तो तिला भरसभेत नाकारतो आणि शे-दोनशे पानांनंतर पश्चात्ताप होऊन तिच्या दारात येऊन उभा राहतो.

यातली नियती आपल्याला परकी नाही. पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी मांडून सटवाईची वाट पाहणाऱ्या आणि लग्नाच्या गाठी वरच बांधलेल्या असतात असे म्हणणाऱ्या समाजाने त्यावर हसण्याचे कारण नाही. चंद्राकडे जोड्या जुळवण्याचे काम सोपवलेले पाहून मात्र मला हसू आले. आपल्याकडचा चंद्र पुरुष आहे, तोही दक्षाच्या २७ मुलींचा नवरा, आणि त्यांतल्या एकट्या रोहिणीकडे लक्ष दिले म्हणून सासऱ्याच्या शापाने क्षयी झालेला. अशा गृहस्थाला मध्यस्थ नेमून कोणी मुलीचे लग्न ठरवणार नाही.

लांडग्यांची बाजूही मांडायला हवी, कारण 'अल्फा' या शब्दामागे या कादंबऱ्यांतला निम्मा अरेरावीपणा लपलेला असतो. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास हा कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचा होता, आणि मारामारी करून प्रमुख ठरतो ही समजूत तिथून रुजली. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती दूरवर पोहोचली. परंतु त्याच मीच यांनी (आडनाव मराठीत कळपप्रमुखालाच शोभावे असे असले तरी) कॅनडातील एल्समीर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहून १९९९ मध्ये आपले म्हणणे दुरुस्त केले. मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरे. पोरे मोठी झाली की घर सोडतात, आपला जोडीदार आपण शोधतात आणि आपला कळप उभा करतात. आपल्याकडचा लांडगा तर बर्फाळ अरण्यात नव्हे, सासवड-जेजुरीच्या किंवा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर, धनगरांच्या मेंढ्यांच्या मागावर फिरतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही त्याचा माळ दरवर्षी आक्रसत चालला आहे. त्याला हुकूमशहा ठरवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

आता मुख्य मुद्दा. कादंबरी वाचताना, ही गोष्ट आपण कुठेतरी ऐकलेली आहे असे मला सारखे वाटत होते आणि अर्ध्यावर आल्यावर आठवले की ही तर वनपर्वातली नळाची कथा. आमच्या पिढीला रघुनाथ पंडितांच्या काव्यातला नळाच्या हाती सापडलेला हंस आठवतो, पण हंस ही केवळ सुरुवात आहे. विदर्भाची राजकन्या दमयंती स्वयंवरात उभी राहते तेव्हा इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नळाचे रूप घेऊन बसलेले असतात, आणि पाच सारख्या पुरुषांतून ती खरा नळ ओळखते तो देहाच्या खुणांवरून: त्याला घाम येतो, अंगाला धूळ लागते, पापण्या लवतात, गळ्यातली माळ कोमेजलेली असते, पाय जमिनीला टेकलेले असतात आणि त्याची सावली पडते. वासावरून जोडीदार ओळखणाऱ्या नायिकेने याहून वेगळे काय केले? पुढे जुगारात सर्वस्व घालवलेला नळ तिला रानात झोपलेली टाकून निघून जातो, म्हणजे नाकारण्याचा प्रसंगही आलाच. कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटून तो कुरूप बाहुक होतो, म्हणजे चावा आणि रूपांतर हेही आले. या साच्याला परदेशी म्हणताना लेखकाने महाभारत एकदा चाळायला हवे होते.

फरक पडतो तो यानंतर. बाहुक हाच नळ असावा असा संशय आल्यावर दमयंती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडत नाही. त्याला बोलावून घेण्यासाठी ती आधीच दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते, केशिनी या दासीला त्याच्यावर नजर ठेवायला लावते, त्याने शिजवलेले मांस मागवून चव घेऊन पाहते, मुलांना त्याच्याकडे पाठवते आणि शेवटी त्याला समोर उभे करून विचारते, की झोपलेल्या निरपराध बायकोला रानात टाकून जाणारा नळावाचून दुसरा कोण असेल. नळाला उत्तर द्यावे लागते. तो कलीवर ठपका ठेवतो आणि उलट तिच्या दुसऱ्या स्वयंवराचाच जाब विचारतो (नवऱ्यांची ही रीत जुनीच म्हणायची), पण प्रश्न विचारला जातो आणि तो टाळता येत नाही. मी वाचलेल्या कादंबरीत नायक दारात येताच नात्याच्या ओढीने नायिकेचे गुडघे लटपटतात, चंद्रदेवीचा कौल दोघांना आठवतो आणि तीन पानांत सगळे मिटते. भरसभेतल्या अपमानाचा हिशेब कोणी मागत नाही, कारण जे नेमलेलेच आहे त्याचा जाब कोणाला विचारायचा! माझी तक्रार आहे ती एवढीच: लांडग्याबद्दल नाही, शृंगाराबद्दल तर नाहीच, नियती पुढे करून नायकाची उत्तरातून सुटका करण्याबद्दल आहे.

भाचीला हे सांगितले तेव्हा तिने दिलेले उत्तरही नोंदवते. "दिवसभर प्रत्येक ठिकाणी आपली लायकी सिद्ध करून गाडीत बसल्यावर, काहीही सिद्ध न करता कोणीतरी आपलंच आहे, हे वाचायला बरं वाटतं," असे ती म्हणाली. यावर मला काही बोलता आले नाही. शिवाय तिने दिलेल्या दुसऱ्या कादंबरीत नायिका नेमलेल्या जोडीदाराला वर्षभर उंबऱ्याबाहेर ठेवते, मान पुढे करायची की नाही हे स्वतः ठरवते, आणि ती कादंबरी मी एका बैठकीत संपवली. म्हणजे एकाच साच्यात बरे आणि वाईट दोन्ही निघते, आणि ते निवडून सांगणे हे परीक्षकाचे काम आहे. मराठीतही आता अशा कथा लिहिल्या जात आहेत. त्यांतल्या कोणाला 'अल्फा'ऐवजी सासवडच्या माळावरचा लांडगा सुचला, तर ते कळण्यासाठी कोणीतरी त्या वाचायला हव्यात.

म्हणून विनंती, की पुरवणीत या कादंबऱ्यांच्या परीक्षणासाठी महिन्यातून एकदा अर्धा रकाना द्यावा. भाचीकडून तिसरी कादंबरी कालच आली आहे; जागा मिळणार असेल तर पहिले परीक्षण मी पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी,
गोरेगाव (पूर्व), मुंबई