मान आखडली की कानाचेही सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कान वाहणे हे बऱ्याच घरांत दुखणे समजलेच जात नाही. थेंब घालायचे, कापूस लावायचा आणि थांबायची वाट पाहायची. पण या पुवाचे मानेत गळू होऊ शकते. कानाच्या रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून त्याविषयी लिहितो आहे.

कानामागे हाताला लागते ते हाड बहुतेक मोठ्या माणसांत आतून भरीव नसते. त्यात मध्यकर्णाला जोडलेले हवेचे बारीक कप्पे असतात. तिथे पू साचून राहिला की हाड झिजू लागते. त्याच्या खालच्या टोकाची आतली भिंत पातळ असते; ती फुटली की पू मानेच्या जाड स्नायूखाली उतरतो. म्युनिकचे कर्णतज्ज्ञ फ्रीडरिश बेझोल्ड यांनी १८८१ साली याचे वर्णन केले, म्हणून हे 'बेझोल्डचे गळू'. लहान बाळांत हे कप्पे पुरते तयार झालेले नसतात, त्यामुळे ते मोठ्या मुलांत आणि प्रौढांत अधिक दिसते.

स्नायूच्या आड असल्याने हे गळू लाल होऊन वर येत नाही, दाबून मऊही लागत नाही. ताप, कानाखाली कडक, दुखरी सूज आणि एका बाजूला वळलेली मान, एवढेच दिसते. मग मान आखडली समजून मालीश आणि शेक सुरू होतो. त्यात भर अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिक्सची. ताप उतरतो, कान कोरडा होतो, आणि हाडातला संसर्ग आत चालूच राहतो. मला सर्वांत जास्त धास्ती याच रुग्णांची वाटते, कारण कान बरा झाला या समजुतीने ते कानाचे नावही काढत नाहीत.

सीटी स्कॅनमध्ये निदान होते. शिरेतून अँटिबायोटिक्स द्यावी लागतात, गळू उघडून पू काढावा लागतो आणि बहुधा हाडातला रोगट भागही. उशीर झाला तर पू छातीपर्यंत उतरू शकतो. हाडालगतच्या मोठ्या शिरेत गुठळी होऊ शकते, मेंदूपर्यंतही संसर्ग पोहोचतो.

वाचकांना विनंती आहे की मानेच्या सुजेसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा काही आठवड्यांपूर्वी कान वाहून थांबला असला तरी ते आवर्जून सांगा. आणि वर्षानुवर्षे वाहणारा, दुर्गंधी येणारा कान सूज येण्याची वाट न पाहता तपासून घ्या. त्यात हाड पोखरणारा कोलेस्टिॲटोमा, म्हणजे मध्यकर्णात साचत जाणारी त्वचेची गाठ, असू शकतो.

आपला,
एक कान-नाक-घसा तज्ज्ञ