उजेड पोहोचतो त्या कॅन्सरपासून सुरुवात करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सोन्याच्या कणांनी कॅन्सर बरा’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरला आणि त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला, “भाऊजी, हे कुठं मिळतं?” माझ्या थोरल्या भावाला जिभेचा कॅन्सर आहे. तोंडात दोन बोटंही जात नाहीत, पेज नाकातल्या नळीतून. काय सांगणार तिला?

मूळ प्रयोग २०१७ सालचा, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातला, आणि तो उंदरांवरचा. चांदणीच्या आकाराचे सोन्याचे अतिसूक्ष्म कण शिरेतून दिले की ते गाठीत साचतात. वरून अवरक्त (इन्फ्रारेड) लेझर सोडला की कण तापतात आणि गाठ जळते. जळालेल्या पेशींतून कॅन्सरच्या खुणा बाहेर पडतात, त्या शरीराच्या प्रतिकारशक्तीला दिसतात. जोडीला त्या शक्तीला लागलेला ब्रेक सोडवणारं इम्युनोथेरपीचं औषध दिलं होतं. लेझर एकाच पायातल्या गाठीवर मारला, तरी दुसऱ्या पायातली गाठही आटली. पूर्ण बऱ्या झालेल्या एका उंदराला पुढे त्याच कॅन्सरच्या पेशी पुन्हा टोचल्या, तर गाठ धरलीच नाही!

हे वाचून मी हरखलो, खोटं कशाला सांगू. पण ‘उंदीर’ हा शब्द मथळ्यातच हवा. आशेवर असलेला माणूस पुढचं वाचत नाही.

अडचण उजेडाची आहे. अवरक्त किरण शरीरात फार खोल जात नाही. तोंडात मात्र तो पोहोचतो, गरज पडली तर उजेड नेणारा बारीक तंतू गाठीतच घालता येतो. जपानने २०२० मध्ये डोके-मानेच्या कॅन्सरसाठी प्रकाशावर चालणारं एक औषध मंजूरही केलं. त्यात सोनं नाही, अँटीबॉडीला, म्हणजे कॅन्सरच्या पेशीला चिकटणाऱ्या प्रथिनाला, जोडलेलं रंगद्रव्य आहे.

गुटखा-तंबाखूने तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे घरोघरी नेला. इम्युनोथेरपीचा खर्च परवडत नाही म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, म्हणजे नेहमीच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी, केमोच्या गोळ्यांसोबत देऊन पाहिला. बळावलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हा स्वस्त डोस आणि प्रकाशोपचार यांची जोडी तोंडाच्या कॅन्सरवर, आपल्याच रुग्णांमध्ये, रीतसर चाचणी घेऊन तपासावी. सरकारने त्यासाठी पैसा द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वहिनीला मी ‘अजून नाही’ एवढंच सांगितलं. बुधवारी दादाची केमोची तारीख आहे, ती चुकवायची नाही हेही सांगितलं.

आपला,
एक वाचक, मिरज