पायलट व्हायचंय म्हणून घाईनं कॉलेजची फी भरू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की आमच्या लातूर-नांदेडकडं एकच विचारणा, नीट का जेईई. पण दोन-तीन वर्षं झाली, काही लेकरं तिसरंच सांगायलेत, पायलट व्हायचंय म्हणून. चांगलंच आहे, व्हावंच. पण पायलट कसं होतात हे ना लेकराला माहीत ना बापाला, आणि त्याच्यावरच काही लोकांचं दुकान चालायलंय, म्हणून हे पत्र.

माझ्या पुतण्याचं सांगतो. पोरगं हुशार, बारावीला लातूरला ठेवलं, नीटसाठी म्हणून बायोलॉजी घेतलं आणि गणित सोडून दिलं, तिथं बरेच जण तसंच करतात. नीटला नंबर लागला नाही. मग मोठ्या शहरातल्या एका कॉलेजात गेलो. टेबलावर छोटं विमान ठेवलेलं, भिंतीवर खांद्यावर चार पट्ट्या असलेल्या कॅप्टनचा फोटो, आणि समोरच्या मॅडम म्हणाल्या, तीन वर्षांचा एव्हिएशनचा डिग्री कोर्स आहे, पायलट लाइनलाच जातो. भावानं सोयाबीनचे आलेले पैसे आणि वरून सोसायटीचं कर्ज काढून तीन वर्षांत साडेचार लाख भरले. पोरगं पास झालं, डिग्री हातात आली, आणि तीन वर्षांत ते विमानात एकदा पण बसलं नव्हतं. तो कोर्स विमानतळाच्या मॅनेजमेंटचा होता. कोर्स वाईट नसेल, पण आम्हाला तो पायलटचा म्हणून विकला.

नंतर मी स्वतः माहिती काढत बसलो तेव्हा कळलं की कमर्शियल पायलट लायसनला, म्हणजे पगारावर विमान चालवायच्या परवान्याला, डिग्री लागतच नाही. बारावी लागते, आणि त्यात फिजिक्स अन् मॅथ्स लागतं. ही अट काढायची चर्चा २०२५ पासून ऐकू येते, पण चर्चेवर लेकराचं भविष्य कोण टांगून ठेवणार. म्हणून अकरावीचा फॉर्म भरताना ज्याच्या मनात थोडं जरी पायलटचं असेल त्यानं गणित सोडू नये, नीट करायची असली तरी बायोलॉजीसोबत गणित ठेवता येतं, लोड होतो पण दार बंद होत नाही. आमचा पुतण्या आज बावीसाव्या वर्षी ओपन स्कूलमधून बारावीचं गणित द्यायलाय, रोज पहाटे उठून इंटिग्रेशनची गणितं सोडवतो, बघून जीव तुटतो.

दुसरं म्हणजे मेडिकल. हे कुणीच आधी सांगत नाही आणि खरं तर सगळ्यात आधी हेच करायला पाहिजे. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं खातं, त्यांनी नेमलेले डॉक्टर असतात, त्यांच्याकडं क्लास टू मेडिकल, म्हणजे सुरुवातीची तपासणी, करून घ्यायची, काही हजारात होते. डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी, सगळं बघतात. त्यात रंगीत ठिपक्यांच्या पाट्या दाखवतात, ठिपक्यांतला आकडा ओळखायचा. रंगांधळेपणा असला तर पोराला स्वतःला पण माहीत नसतं, तिथं पहिल्यांदा कळतं. चष्मा असला म्हणून घाबरू नका, चष्म्यानं नजर नीट येत असली तर चालतं. पुढं लायसनला त्याच्या वरची क्लास वन मेडिकल लागते. लाखो रुपये भरून झाल्यावर मेडिकलमध्ये अडकण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं का नाही?

मग पेपर. एअर नेव्हिगेशन (हवेत रस्ता काढणं), मेटिऑरॉलॉजी (हवामान), एअर रेग्युलेशन्स (नियम), टेक्निकल (विमानाची माहिती), प्रत्येकात शंभरपैकी सत्तर पाहिजेत. शिवाय विमानातून रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी. हे पेपर विमानाला हात लावायच्या आधी घरी अभ्यास करून पण काढता येतात, आणि काढावेत, कारण मग फ्लाइंगला गेल्यावर डोकं मोकळं राहतं. मराठी मीडियमच्या लेकरांनी इंग्रजीचा बाऊ करू नये, बोलण्याची लेव्हल फोर, म्हणजे कामापुरतं नीट बोलता येणं, लागते, सरावानं येते.

खरा खर्च फ्लाइंगचा. २०० तास उडायचे असतात, त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. सगळं धरून ५०-६० लाखांच्या पुढं जातं, आणि लायसन आल्यावर एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायचं ट्रेनिंग, वेगळं, ते अजून दहा-पंधरा लाख धरून चला. एवढं करून नोकरी लगेच लागेलच असं पण नाही. रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे, आपल्या राज्यात गोंदिया, बारामती, धुळे, नागपूर इथं शिकवतात. पण नाव बघून जाऊ नका, तिथं जाऊन मैदानावर उभं राहा. चालू स्थितीतली विमानं किती, शिकवणारे किती, मागच्या बॅचला २०० तास व्हायला किती महिने लागले, हे तिथल्या पोरांना बाजूला घेऊन विचारा. पावसाळ्यात उड्डाण थांबतं, विमान दुरुस्तीला गेलं की थांबतं, आणि वर्षाचा कोर्स दोन वर्षांवर जातो, तेवढा होस्टेलचा खर्च बापाच्या अंगावर. आणि सगळी फी एकदम भरू नका, जेवढे तास झाले तेवढे पैसे, असं लिहून घ्या. २०२५ मध्ये डीजीसीएनं फ्लाइंग स्कूलची पहिल्यांदा क्रमवारी काढली तेव्हा वरच्या ए गटात एकही स्कूल बसलं नव्हतं, यावरून काय ते समजा.

ओबीसी, भटक्या विमुक्तांच्या लेकरांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये पायलट ट्रेनिंगची योजना काढली होती. आमच्या गावात हे एकालाही माहीत नव्हतं. आम्ही ज्यांच्याकडं करिअर मार्गदर्शनाला गेलो त्यांनी पण सांगितलं नाही.

साहेब, एक विनंती. निकालाच्या दिवसांत तुमच्या पेपरात एव्हिएशन कोर्सच्या पानभर जाहिराती येतात. त्याच पानावर एक चौकट द्या, डीजीसीएच्या मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलची यादी कुठं बघायची, मेडिकल कुठं करायची, आणि बारावीला गणित लागतं, एवढंच. माझी पोरगी पण यंदा दहावी झाली आणि तिला पण पायलटच व्हायचंय. तिच्या फॉर्मवर आम्ही गणित टिकवलंय, आणि पुढच्या आठवड्यात तिचे डोळे तपासायला नेणार आहे.

आपला,
एक पालक, अहमदपूर, जि. लातूर